८३९७० : एका रक्तचाचणीची आणि तिच्या बिलाची गोष्ट

२००५ साली मी पुण्यात एका प्रोजेक्टवर होतो. क्लायंट अमेरिकन, धंदा मेडिकल बिलिंगचा. तिकडच्या डॉक्टरांची आणि लॅबची बिलं फाइल बनून आमच्या सिस्टिममध्ये यायची. ती विमा कंपनीकडे किंवा मेडिकेअरकडे (म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्य विम्याकडे) जाण्याआधी त्यात चुका आहेत का, हे तपासणारे नियम लिहायचे. हे आमचं काम.

बिलाची एक ओळ म्हणजे मुख्यतः दोन कोड. एक पाच अंकी, काय केलं ते सांगणारा. दुसरा निदानाचा, का केलं ते सांगणारा. दोघांची जोडी जुळली तर ओळ पुढे जाणार, नाही तर परत. त्यातली एक जोडी मला अजून पाठ आहे: ८३९७० आणि ५८८.८१. पहिला कोड पीटीएच नावाच्या हार्मोनच्या रक्तचाचणीचा. दुसरा किडनीच्या आजारामुळे ते हार्मोन वाढल्याच्या निदानाचा. जोडी बरोबर, ओळ पास. ८३९७० च्या शेजारी मुरगळलेल्या घोट्याचा कोड आला तर ओळ नापास. हा नियम मी स्वतः लिहिला, टेस्ट केसेस लिहिल्या, सगळ्या हिरव्या झाल्या, रिलीज झालं, डेक्कनवर जाऊन पार्टीही झाली.

पीटीएच म्हणजे काय, हे मी तेव्हा कुणालाच विचारलं नाही. मला गरजच नव्हती. माझ्यासाठी ती पाच अक्षरांची स्ट्रिंग होती.

गेले काही शनिवार-रविवार मी रोझालिन यॅलो या बाईंबद्दल वाचतोय. सुरुवात केली होती नोबेल विजेत्या स्त्रियांच्या कुतूहलाने, आणि वाचता वाचता अचानक समोर आली ती माझी जुनी ओळखीची स्ट्रिंग. मग कळलं की मी ज्या वर्षी तो नियम लिहीत होतो, त्याच वर्षी त्या कोडमागच्या एका चाचणीत मोठी गडबड चालू होती. आणि माझ्या नियमाला ती कधीही सापडली नसती. तर ही ती गोष्ट. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

मानेत थायरॉईडच्या मागच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार ग्रंथी असतात. पॅराथायरॉईड. नावात थायरॉईड असलं तरी काम पूर्ण वेगळं. रक्तातलं कॅल्शियम ठरावीक मर्यादेत ठेवणं हे त्यांचं काम, आणि पीटीएच (पॅराथायरॉईड हार्मोन) हे त्यांचं हत्यार. कॅल्शियम कमी झालं की ग्रंथी पीटीएच सोडतात. मग ते हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं, किडनीला कॅल्शियम राखून ठेवायला आणि फॉस्फरस बाहेर टाकायला लावतं.

या ग्रंथी पहिल्यांदा नजरेला आल्या त्या आपल्याकडच्या एका प्राण्यात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय गेंडा होता. तो १८४९ मध्ये मेला आणि रिचर्ड ओवेन या शरीररचनातज्ज्ञाने त्याचं विच्छेदन केलं. तेव्हा थायरॉईडला चिकटलेली एक छोटी पिवळसर गाठ त्याला दिसली. माणसातल्या या ग्रंथींचं नीट वर्णन आलं १८८० मध्ये, स्वीडनमधल्या उप्सालाच्या इवार सँडस्ट्रॉमकडून. तो तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी होता. फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

ग्रंथी सापडणं वेगळं आणि त्या रक्तात किती हार्मोन सोडतात हे मोजणं वेगळं. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तद्रवात पीटीएच असतं काही दशक पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. रसायनशास्त्राच्या नेहमीच्या पद्धतींनी एवढं बारीक मोजणं अशक्यच होतं. ते शक्य झालं न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात, निवृत्त सैनिकांसाठी असलेल्या एका सरकारी इस्पितळात.

रोझालिन यॅलो जन्मल्या ब्राँक्समध्येच, १९२१ साली. शिकल्या भौतिकशास्त्र. १९४१ मध्ये इलिनॉय विद्यापीठात गेल्या तेव्हा तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ४०० जणांच्या शिक्षकवर्गात त्या एकट्या स्त्री. १९४५ मध्ये डॉक्टरेट. पुढे ब्राँक्सच्या इस्पितळात किरणोत्सारी पदार्थ वैद्यकीत वापरायचा विभाग उभा करायला त्यांना बोलावलं, आणि प्रयोगशाळा म्हणून मिळाली झाडू-बादल्या ठेवायची खोली. १९५० मध्ये तिथे त्यांना सॉलोमन बर्सन नावाचे डॉक्टर भेटले. पुढची २२ वर्षं ही जोडी फुटली नाही.

त्यांनी इन्सुलिनला किरणोत्सारी आयोडीन जोडलं आणि ते माणसांना टोचून रक्तातून किती वेगाने नाहीसं होतं ते मोजलं. अपेक्षा अशी की मधुमेह्यांच्या शरीरात इन्सुलिन लवकर नष्ट होत असणार. झालं उलटंच. ज्यांनी आधी इन्सुलिनची इंजेक्शनं घेतली होती त्यांच्या रक्तात ते जास्त वेळ टिकत होतं. काहीतरी त्याला धरून ठेवत होतं. यॅलो-बर्सननी निष्कर्ष काढला की बाहेरून दिलेल्या (तेव्हा गाई-डुकरांपासून मिळणाऱ्या) इन्सुलिनविरुद्ध शरीर अँटिबॉडी तयार करतंय.

त्या काळचं शास्त्र म्हणत होतं, इन्सुलिनचा रेणू इतका लहान आहे की त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनणं शक्यच नाही. 'सायन्स'ने त्यांचा लेख परत पाठवला. 'जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन'नेही १९५५ मध्ये आधी नाकारला आणि १९५६ मध्ये छापला तो शीर्षकातला अँटिबॉडी हा शब्द काढून. त्याजागी आलं 'इन्सुलिनला बांधणारं ग्लोब्युलिन'. यॅलोबाईंनी ते नकाराचं पत्र जपून ठेवलं आणि १९७७ च्या नोबेल व्याख्यानात सगळ्या जगाला दाखवलं. कोड रिव्ह्यूमध्ये झालेला अपमान २२ वर्षं लक्षात ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, पण हे म्हणजे अगदी वरच्या दर्जाचं :)

पण खरी कमाल पुढे आहे. अँटिबॉडी इन्सुलिनला पकडते ना, मग तिचाच मोजायला उपयोग करायचा. कल्पना करा, पंगतीत मोजकेच पाट मांडलेत. आपली काही माणसं लाल टोप्या घालून ठराविक संख्येने पाठवली. त्यांच्याबरोबर बिनटोपीचे पाहुणे किती येणार ते माहीत नाही. पाहुणे जितके जास्त, तितक्या कमी लाल टोप्या पाटावर बसलेल्या दिसणार. टोप्या मोजल्या की पाहुणे किती ते कळलं! पाट म्हणजे अँटिबॉडी, लाल टोपी म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, बिनटोपीचे म्हणजे रुग्णाच्या रक्तातलं इन्सुलिन. १९५९-६० मध्ये ही पद्धत तयार होऊन प्रसिद्ध झाली. नाव रेडिओइम्युनोअॅसे. योग्य अँटिबॉडी मिळवायची खोटी, की हीच युक्ती दुसऱ्या कुठल्याही हार्मोनला लागू.

दोघांनी तिचं पेटंट घेतलं नाही. उलट लोकांना बोलावून शिकवली. बर्सन १९७२ मध्ये वारले. नोबेल हयात माणसांनाच मिळतं, त्यामुळे १९७७ चं नोबेल यॅलोंना मिळालं तेव्हा ते नव्हते. आपल्या प्रयोगशाळेला यॅलोबाईंनी बर्सनचंच नाव दिलं होतं.

यात एक गोष्ट मला नंतर सारखी आठवत राहिली. हे इस्पितळ सरकारी होतं. तिथल्या सैनिकांच्या रक्ताच्या प्रत्येक नमुन्यामागे कुणी विमा कंपनीला ओळ पाठवत नव्हतं. मोजायचं ते कळावं म्हणून. बिल नंतर आलं.

१९६३ मध्ये यॅलो-बर्सननी जेराल्ड ऑरबाख आणि जॉन पॉट्स यांच्याबरोबर पीटीएच मोजायची चाचणी प्रसिद्ध केली. पण हे हार्मोन इन्सुलिनसारखं सरळ नव्हतं. १९६८ मध्ये बर्सन आणि यॅलो यांनीच दाखवून दिलं की रक्त तेच असलं तरी वेगवेगळ्या अँटिबॉडी वापरल्या की चित्र वेगवेगळं दिसतं. म्हणजे रक्तात पीटीएच नावाची एकच वस्तू नाही. आपणच शोधलेल्या पद्धतीची मर्यादा आपणच छापायची, हे त्यांनी केलं.

कारण असं. पूर्ण पीटीएच ही ८४ अमिनो आम्लांची साखळी आहे. ती रक्तात काही मिनिटंच टिकते, मग तिचे तुकडे होतात. तुकडे जास्त वेळ फिरत राहतात आणि त्यांना बाहेर काढायचं काम बरंचसं किडनीचं. म्हणजे किडनी निकामी झालेल्या माणसात तुकड्यांचा ढीग साचतो. आणि पीटीएच मोजायची सगळ्यात जास्त गरज कुणाला? त्याच माणसाला.

१९८७ मध्ये यावर एक चांगला तोडगा आला. एकाऐवजी दोन अँटिबॉडी. एक साखळीच्या शेपटीला धरणार, दुसरी डोक्याच्या बाजूला. दोन्ही चिकटल्या तरच मोजणी. सॅम्युअल नसबाउम आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि कॅलिफोर्नियाच्या निकोल्स इन्स्टिट्यूटच्या 'अलेग्रो' या किटमधून ती सगळीकडे पोचली. नाव पडलं 'इंटॅक्ट पीटीएच', म्हणजे अखंड पीटीएच.

नाव अखंड, पण डोक्याच्या बाजूची अँटिबॉडी अगदी टोकाला धरत नव्हती, थोडी मागे धरत होती. समजा डेक्कन क्वीन मोजायचीय आणि तुम्ही ठरवलंत, शेवटचा डबा आणि डायनिंग कार दिसली की एक गाडी धरायची. छान चालेल. पण कुणी इंजिन काढून नुसते डबे रुळावर उभे केले, तर तीही 'एक गाडी' म्हणून मोजली जाईल! पीटीएचचं इंजिन पहिल्या काही अमिनो आम्लांत असतं. १९९८ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी दाखवलं की किडनीच्या रुग्णांच्या रक्तात अशा बिनइंजिनाच्या, साधारण ७ ते ८४ या लांबीच्या तुकड्यांचं प्रमाण बरंच आहे आणि 'इंटॅक्ट' चाचण्या त्यांनाही मोजतात.

इथपर्यंत ही शास्त्राची नेहमीची वाटचाल होती. चुकायचं, सापडायचं, सुधारायचं. आता यात पैसा येतो.

अमेरिकेत १९७२ मध्ये कायदा झाला की किडनी कायमची निकामी झालेल्या जवळपास सगळ्यांना, वय काहीही असो, मेडिकेअरचं संरक्षण मिळेल. एरवी मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ६५ च्या पुढच्यांसाठी. हा फार मोठा माणुसकीचा निर्णय होता, त्याने असंख्य जीव वाचले. पण त्यामुळे डायलिसिसच्या उपचारांचा मुख्य ग्राहक सरकार झालं. १९८४ पासून लॅबच्या चाचण्यांना मेडिकेअरचं दरपत्रक आलं. प्रत्येक कोडला एक दर. ८३९७० चा दर माझ्या प्रोजेक्टच्या काळात ५०-६० डॉलरच्या घरात होता.

डायलिसिसवरच्या माणसात काय होतं बघा. किडनी फॉस्फरस बाहेर टाकत नाही, ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप देत नाही, कॅल्शियम घसरतं. ग्रंथींना वाटतं आपणच कमी पडतोय, म्हणून त्या आणखी पीटीएच सोडतात आणि सुजत जातात. हाडं पोखरली जातात. मग सक्रिय ड जीवनसत्त्वाची औषधं द्यायची, २००४ पासून सिनाकॅल्सेट नावाचं औषधही आलं, आणि काहीच जमलं नाही तर मान उघडून ग्रंथी काढायच्या. पण पीटीएच फार दाबलं तरी धोका. हाडाची झीज-भर थांबते आणि ते निर्जीवासारखं होतं. म्हणजे दोन्हीकडे खड्डा, आणि मधली वाट दाखवायला हाताशी काय, तर रिपोर्टवरचा आकडा.

२००३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या मार्गदर्शक सूचनांनी ही वाट आखून दिली. डायलिसिसवरच्या रुग्णाचं इंटॅक्ट पीटीएच १५० ते ३०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवा आणि दर तीन महिन्यांनी मोजा. हे आकडे मुळात अलेग्रो चाचणीवर आधारलेले होते. पण तोवर बाजारात अनेक कंपन्यांची किटं होती आणि प्रत्येकीवर 'इंटॅक्ट पीटीएच' असंच लिहिलेलं. २००६ मध्ये फ्रेंच संशोधकांनी अशा १५ चाचण्या एकाच प्रकारच्या नमुन्यांवर लावून पाहिल्या. अलेग्रोवर जिथे १५० येतात, तिथे इतर चाचण्यांवर ८३ पासून ३२३ पर्यंत काहीही येत होतं. अलेग्रोच्या ३०० ला १६० पासून ६३८ पर्यंत!

हे वाचून मी थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. एकच इंटरफेस, एकच नाव, १५ इम्प्लिमेंटेशन्स, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं. त्यावर डॉक्टर औषधाचा डोस ठरवतोय. आणि बिलात? सगळ्यांचा कोड एकच. ८३९७०.

आता ती गडबड. अलेग्रो किट बनवणाऱ्या निकोल्सची मालकी १९९० च्या दशकात बदलली आणि 'निकोल्स इन्स्टिट्यूट डायग्नॉस्टिक्स' ही किट बनवणारी कंपनी क्वेस्ट डायग्नॉस्टिक्स या महाकाय लॅब कंपनीच्या छत्राखाली आली. जुन्या अलेग्रो पद्धतीत किरणोत्सारी आयोडीन वापरावं लागे. त्याऐवजी निकोल्सने 'अॅडव्हांटेज' नावाच्या यंत्रावर चालणारी, प्रकाश मोजून उत्तर देणारी नवी इंटॅक्ट पीटीएच चाचणी विकायला काढली. जलद, सोपी, किरणोत्साराची भानगड नाही. जाहिरातीत म्हटलं होतं की हिचे निकाल आमच्या जुन्या चाचणीशी जुळतात.

ते कायम जुळत नव्हते. काही काळात आकडे प्रमाणापेक्षा वर येत होते. सरकारच्या आरोपानुसार हे २००० ते २००६ या काळात घडलं आणि निकाल जुळत नाहीत हे कंपनीला ठाऊक असतानाही माल विकला जात राहिला. म्हणजे समजा, एखाद्याचं पीटीएच खरं तर ठीक होतं, पण रिपोर्टवर ते जास्त दिसलं. डॉक्टर ड जीवनसत्त्वाचा डोस वाढवणार. पुढच्या तिमाहीत पुन्हा जास्त, पुन्हा वाढ. आणि शेवटी कदाचित शस्त्रक्रिया. सरकारचं म्हणणं नेमकं हेच होतं: चुकीच्या आकड्यांवर विसंबून काही रुग्णांना नको असलेले उपचार, ग्रंथी काढायच्या शस्त्रक्रियासुद्धा, झाल्या आणि त्या चाचण्यांची व उपचारांची बिलं मेडिकेअरने भरली.

हे उघडकीला कुणी आणलं? बिल तपासणाऱ्यांनी नाही. थॉमस कँटर या माणसाने. तो कॅलिफोर्नियातल्याच स्कँटिबॉडीज लॅबोरेटरीचा प्रमुख, आणि त्याची कंपनीही पीटीएचची चाचणी बनवत होती. म्हणजे सरळ प्रतिस्पर्धी. त्याने फॉल्स क्लेम्स अॅक्टखाली दावा केला. हा कायदा १८६३ चा, लिंकनच्या काळातला. यादवी युद्धात सैन्याला सडका माल विकणारे ठेकेदार पकडायला केलेला. त्यात कुणीही नागरिक सरकारच्या वतीने दावा लावू शकतो आणि वसुलीतला हिस्सा मिळवू शकतो.

१५ एप्रिल २००९ ला निकाल जाहीर झाला. निकोल्स इन्स्टिट्यूट डायग्नॉस्टिक्सने चाचणीवर खोटं लेबल लावल्याचा फौजदारी गुन्हा कबूल केला आणि ४ कोटी डॉलर दंड भरला. क्वेस्ट आणि निकोल्सने मिळून दिवाणी दाव्याच्या तडजोडीत २६.२ कोटी डॉलर दिले. एकूण ३०.२ कोटी. कँटरला त्यातून सुमारे साडेचार कोटी डॉलर मिळाले. निकोल्सचं कामकाज तोवर, २००६ मध्येच, बंद झालं होतं. (एक नोंद: फौजदारी कबुली निकोल्सची. दिवाणी भाग तडजोडीने मिटला, त्यामुळे त्यातले आरोप खटला चालून सिद्ध झालेले नाहीत.)

कँटरने हे पैशासाठी केलं की सत्यासाठी, यावर वाद घालता येईल. प्रतिस्पर्ध्याचं किट बदनाम झालं तर आपलं खपतं, हे त्याला कळत नसेल असं कोण म्हणेल? पण मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मला टोचतं ते वेगळं. दोन चाचण्यांचे निकाल जुळत नाहीत हे बघायला असाच माणूस लागला, ज्याला चाचणी आतून कळत होती आणि जो ती शेजारी ठेवून मोजायच्या भानगडीत पडला. बाकी सगळी साखळी, म्हणजे लॅब, बिलिंग कंपनी, आमच्यासारखे पुण्यात बसलेले लोक, मेडिकेअर, आपापलं काम चोख करत होती.

कारण बिल फक्त एवढंच विचारतं की चाचणी झाली का आणि ती करायला कारण होतं का. उत्तर बरोबर आलं का, हे ते विचारतच नाही. आमच्या फाइलमध्ये पीटीएचचा निकाल लिहायला जागा नव्हती. कुठल्या कंपनीचं किट, तेही नाही. ८३ आला काय आणि ३२३ आला काय, ओळ तीच, दर तोच. उलट चुकून जास्त आलेला आकडा पुढच्या चाचणीला, पुढच्या औषधाला, पुढच्या शस्त्रक्रियेला 'कारण' पुरवतो. माझा ५८८.८१ वाला नियम आठवतोय? निदान त्या चाचणीवरूनच व्हायचं आणि मग तेच निदान पुढच्या चाचणीचं समर्थन करायचं. माझी व्हॅलिडेशन म्हणजे चुकीने चुकीच्या पाठीवर थाप मारावी असा प्रकार होता, आणि ती हिरवी दिसत होती.

२००५ मध्ये माझ्या नियमातून पास झालेल्या ओळींत किती जणांचे आकडे त्या यंत्रावरून आले होते, हे आता कळायला मार्ग नाही. कदाचित एकही नसेल. कदाचित एखाद्या ओळीमागे मानेवर टाक्यांचा व्रण असलेला माणूस असेल. मी त्याला काही केलं नाही, हे खरं आहे. त्याच्यासाठी काही केलं नाही, हेही खरं आहे.

पुढे थोड्या सुधारणा झाल्या. २००९ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांनी १५०-३०० हा ठरीव पल्ला सोडला आणि सांगितलं की त्या त्या चाचणीच्या सामान्य कमाल मर्यादेच्या साधारण २ ते ९ पट या दरम्यान ठेवा, आणि एका आकड्यापेक्षा आकडे कुठल्या दिशेला चाललेत ते बघा. म्हणजे मापपट्ट्या वेगळ्या आहेत हे उघडपणे मान्य केलं. २०११ पासून मेडिकेअरने डायलिसिसच्या लॅब चाचण्या उपचारांच्या एकत्रित रकमेत टाकल्या, पीटीएचसकट, त्यामुळे जास्त वेळा मोजून जास्त बिल लावायचा मोह गेला. (कमी मोजायचा मोह आला का, हा वेगळा लेख होईल.) कोड मात्र अजून तोच आहे. ८३९७०.

तुमच्या घरात कुणाचं पीटीएच तपासलं जात असेल, तर एक छोटी गोष्ट करता येते. रिपोर्टवर आकड्याच्या खाली बारीक अक्षरात पद्धतीचं नाव असतं. ते वाचा, शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये जा, आणि लॅब बदलली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून घाबरू नका आणि खूशही होऊ नका.

आणि तुम्ही माझ्यासारखे कुठल्याशा सिस्टिममध्ये 'व्हॅलिड आहे का' असे नियम लिहीत असाल, तर कधीतरी त्या स्ट्रिंगमागे काय आहे ते कुणाला तरी विचारा. मी विचारलं असतं तर २००५ मध्ये काही बदललं असतं असं नाही. पण यॅलो आणि बर्सनना आपल्याच चाचणीचे निकाल दोन अँटिबॉडींनी दोन आले तेव्हा त्यांनी ते छापले. मी दुसऱ्या अँटिबॉडीने मोजून बघायचा विचारही केला नव्हता. फरक तेवढाच आहे, आणि तो काही लहान नाही.

असो. चहा केव्हाच संपला, आणि उद्या सोमवार आहे.